मुसकं बांधलेलं रेडकू

परवा थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या गोठ्यात सकाळची धार पाहिली आणि ती अजून डोळ्यांपुढून हलत नाही. तिच्या म्हशीने फवारलेल्या कपाशीचा पाला खाल्ला होता. म्हैस वाचली, पण फवारणीचं औषध चरबीत मुरलं. डॉक्टरांनी सांगितलं, स्वच्छ चारा घाला, दूध काढून खड्ड्यात ओता, दुधावाटे ते हळूहळू उतरेल. रेडकाला मात्र पाजू नका.

पण रेडकू कासेशी आल्याशिवाय ही म्हैस पान्हा सोडत नाही. म्हणून अक्का त्याच्या तोंडाला मुसकं बांधून त्याला जवळ आणते. ते ढुशा देतं, म्हैस डोळे मिटते, कास भरून येते. मग त्याला ओढून बाजूला बांधायचं.

फेसाळ दूध खड्ड्यात ओतताना अक्का म्हणाली, "तिला वाटतं गं, लेकरू प्यायलं."

ज्या वाटेने माया येते, त्याच वाटेने आपण आपलं विष बाहेर काढतो आणि वर त्याला उपाय म्हणतो.

धार संपल्यावर अक्काने रेडकाला सोडलं. म्हैस त्याचं कोरडं तोंड मुसक्यावरून चाटत राहिली, ओठांवर सांडलेलं दूध पुसावं तशी.