पायी जाता येईल असं घर

भाड्याचं घर शोधणारा माणूस आधी भाडं विचारतो, मग पाणी किती वेळ येतं ते, मग संडास घरात की बाहेर. मी आधी विचारायचो, इथून शाळा पायी किती लांब. घर दाखवणारे माझ्याकडे जरा चमत्कारिकच बघायचे. ही अट माझी नव्हती, बायकोची होती. तिरोडीहून बदली मागून बालाघाटला यायचं, मुलींना चांगल्या शाळेत घालायचं आणि घर असं बघायचं की दोघी चालत जातील, हे तिनं दोन वर्षांपासून धरून ठेवलं होतं. "ऑटोत कोंबून नाही पाठवाच्या जी पोरी," ती म्हणायची. "एकमेकीचा हात धरून गेल्या पाह्यजे."

शाळाही तिनंच ठरवली होती. बालाघाटला नाहीतर वारासिवनीला लग्नाला गेलो की मी जेवणाच्या रांगेत उभा आणि ती बायकांमध्ये. नोकरीवाल्या घरची कुणी दिसली की तिला गाठून विचारायची, "तुमचे पोरं कोन्त्या शाळेत हाय?" नवरीची साडी कोणत्या रंगाची होती ते तिला सांगता आलं नसतं, पण कोणत्या शाळेत गणिताला कोण आहे ते पाठ. मी चिडवायचो की तुला लग्नाला न्यायचं की चौकशीला. जानेवारीत तिला ताप आला. गोंदियाच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून ती परत आली नाही. बदलीचा अर्ज तिनं माझ्या मागे लागून आधीच टाकायला लावला होता. तो मे महिन्यात मंजूर झाला.

त्या दिवसांत मला काहीच वाटत नव्हतं. लोक म्हणायचे, हिंमत ठेवा. हिंमतीचा प्रश्नच नव्हता. मी वीज खात्यात तक्रारीच्या खिडकीवर बसणारा माणूस. वीस वर्षं "आवेदन ले लिया है, देखते हैं" म्हणत आलो, आता घरीही तसंच बोलत होतो. वरण अळणी झालेलं मला कळायचं नाही. मोठी सांगायची, मग मी उठून मीठ आणायचो.

मोठी तेव्हा बारा वर्षांची, धाकटी सहाची. दोघी आईला बाई म्हणायच्या. आमच्याकडच्या बऱ्याच मराठी घरांत आईला बाईच म्हणतात; मीही माझ्या आईला बाईच म्हणायचो. मोठीनं शाळेतलं ऐकून एकदा "मम्मी" अशी हाक मारून पाहिली होती. बायको भाकरी थापता थापता म्हणाली, "कोनाले बोलावून राह्यली वं?" तो विषय तिथंच मिटला.

तर मे महिन्यात मी मोठीला घेऊन घरं बघत फिरलो. धाकटीला माझ्या बहिणीकडे कटंगीला ठेवलं होतं. भटेरा वस्तीकडचं घर हवेशीर होतं, पण मधे रेल्वेचं फाटक. बुढी नावाच्या वस्तीतलं घर फाटकाच्या अलीकडे होतं, तर मालकानं अंगणात दोन कुत्री मोकळी सोडलेली. तिसरं घर शाळेच्या मागच्या बाजूला, एका गल्लीत, वरच्या मजल्यावर. स्वयंपाकघरात दिवसाही दिवा लावावा लागत होता. मोठी म्हणाली, "बाबा, इथून चालून बघू." आम्ही चालून पाहिलं. अकरा मिनिटं लागली. ती म्हणाली, धाकटीला चौदा लागतील, कारण वाटेत शेळ्या बांधलेल्या आहेत आणि ती थांबणारच. मी म्हटलं, हौ.

घरमालकीण खालीच राहत होती. पन्नाशीची, बोलायला मोकळी, केस मेंदीनं लाल केलेले. मुलीसारखी मुलगी सोबत आहे आणि सरकारी नोकरी आहे, एवढ्यानं तिचं निम्मं समाधान झालं. उरलेल्या निम्म्यासाठी तिनं विचारलं, "मैडम नहीं आईं? अकेले आदमी को हम देते नहीं, भैया. पहले ही बता दें."

"आएँगी," मी म्हणालो. "अभी उधर ही हैं."

हे मी ठरवून बोललो नाही. खिडकीवर कुणी विचारतं, साहेब कधी येणार, तेव्हा जसं तोंडातून निघतं तसंच ते निघालं. मोठी माझ्याकडे बघत होती. मग ती गॅलरीत गेली आणि खालची गल्ली बघत उभी राहिली. परतीच्या बसमध्ये ती माझ्याशी वारासिवनीपर्यंत बोलली नाही.

घर ठरलं, सामान आलं. मोठीला सहावीत प्रवेश मिळाला, तिचे पेपर चांगले गेले होते. राहिली धाकटी. तिला पहिलीत घालायचं होतं. लहान मुलांची परीक्षा नसते, पण शाळेनं सांगितलं, "बच्ची को साथ लाइएगा, थोड़ी बातचीत कर लेंगे." तिला इथं घेतलं नाही तर ती दुसरीकडे जाणार, म्हणजे एकीला ऑटो, आणि बायकोनं दोन वर्षं धरून ठेवलेलं सगळं मोडणार. मला कशाचंच काही वाटत नव्हतं तरी एवढं कळत होतं.

बातचीत करणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या. त्यांनी धाकटीला टॉफी दिली, रंग विचारले, एक ते वीस म्हणवून घेतलं. धाकटी सगळं बोलली. मग त्यांनी चित्रांचा तक्ता पुढे ओढला. त्यात एक घर होतं, घरातली माणसं होती. साडी नेसलेली, पोळी लाटणारी बाई होती. मॅडमनी तिच्यावर बोट ठेवलं.

"ये कौन है, बेटा?"

"बाई," धाकटी म्हणाली.

मॅडम हसल्या. त्या हसण्यात वाईट काहीच नव्हतं. "नहीं बेटा, ये बाई नहीं है. बाई तो घर में झाड़ू-पोंछा करने आती है न? ये तो मम्मी है. बोलो, मम्मी."

धाकटीनं तोंड मिटलं. मॅडमनी पुन्हा विचारलं. मग आंबा दाखवला, पोपट दाखवला, सूर्य दाखवला. तिनं एकाचंही नाव घेतलं नाही. हातातली टॉफी तिनं टेबलावर ठेवून दिली. मी मधे पडून दोन वाक्यांत सांगू शकलो असतो. बाजूच्या खुर्चीवर मी नुसता बसून राहिलो. मॅडम म्हणाल्या, थकली असेल, शनिवारी परत आणा, थोडी तयारी करून आणा.

मी तयारी करून घ्यायला बसलो. बाजारातून तसलंच चित्रांचं पुस्तक आणलं. रोज संध्याकाळी ऑफिसातून आलो की ते उघडायचो आणि साडीतल्या बाईवर बोट ठेवायचो. "ये कौन है?" धाकटी गप्प. "मम्मी म्हण." गप्प. मी एकदाही चिडलो नाही. चिडलो असतो तर बरं झालं असतं. खिडकीवर एकच फॉर्म चौथ्यांदा परत करावा तसा मी तिला तेच ते विचारत होतो. चार दिवस असे गेले.

पाचव्या दिवशी मोठीनं माझ्या हातातून पुस्तक घेतलं. "काहून तिच्या मांगं लागले बाबा?" ती म्हणाली. धाकटीला घेऊन ती गॅलरीत बसली. मला आतून ऐकू येत होतं. "हे बघ, शाळेत मम्मी म्हणाचं. ते शाळेचं नाव हाय. जसं तुझं घरचं नाव येगळं अन् शाळेचं येगळं. बाई घरचं नाव हाय."

"घरी म्हनलं त चालते?" धाकटीनं विचारलं.

"घरी कोन काय म्हनते?"

शनिवारी मॅडमनी तक्ता पुढे ओढला आणि धाकटी विचारायच्या आधीच म्हणाली, "मम्मी." मग आंबा, पोपट, सूर्य. मॅडमनी मला म्हटलं, "देखा, बच्ची तो बहुत होशियार है." फॉर्मवर आईच्या नावापुढे मी स्वर्गीय लिहिलं. मॅडमची नजर त्यावर पडली तशी त्यांनी धाकटीकडे बघितलं, तक्त्याकडे बघितलं. मी सही केली.

शाळा सुरू झाली. दोघी चालत जाऊ लागल्या. पहिले तीन दिवस मी मागून लांबून गेलो. मोठीचा अंदाज बरोबर होता, चौदा मिनिटंच लागत होती. शेळ्यांपाशी धाकटी थांबायची, मोठी हात ओढायची. बायको असती तर तिनं हे पदर तोंडाला लावून बघितलं असतं. मी घड्याळ बघितलं आणि ऑफिसला गेलो.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी घरमालकीण जिन्यानं वर आली. हातात वाटीभर कढी होती. दारातूनच तिनं आत नजर टाकली. भांडी मोरीत पडलेली, कपड्यांचा ढीग खाटेवर. "मैडम आईं नहीं अभी तक?" तिनं विचारलं. मी नेहमीचं काहीतरी पुटपुटलो. ती धाकटीकडे वळली. "तब तक बाई तो लगा लो, भैया. कोई बाई नहीं है क्या तुम्हारे यहाँ, बेटा?"

धाकटी जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. तिनं मान वर केली नाही.

"बाई मर गई," ती म्हणाली.

"अरे राम, कब?" मालकीण म्हणाली. "तिरोड़ी वाली? चलो, दुख मत करो, दूसरी मिल जाएगी. मैं कल ही भेजती हूँ."

मोठी स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिचे हात कणकेचे होते. "आंटी," ती म्हणाली, "हमारे में मम्मी को बाई बोलते हैं."

मालकिणीला ते समजायला थोडा वेळ लागला. तिनं आधी मोठीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तोवर आमच्या घरात ते वाक्य कुणी उच्चारलेलं नव्हतं. बाई गेली, बाई देवाघरी गेली, बाई राह्यली नाही, असं सगळे म्हणायचे. मेली असं कुणी म्हटलं नव्हतं. मीही नाही. सहा वर्षांच्या मुलीनं ते हिंदीत म्हटलं, आणि माझ्याकडून पाच महिन्यांत झालं नव्हतं ते तिच्याकडून झालं.

"हौ," मी म्हणालो. मग लक्षात आलं की तिला आमची भाषा येत नाही. "जी. मर गई. जनवरी में. मैंने आपसे झूठ बोला था." आणि मला रडू आलं. मुलींसमोर, परक्या बाईसमोर, दारात उभ्या उभ्या. घर हातचं जाईल हे डोक्यात होतं, तरी थांबता येईना. मालकीण वाटी हातात धरून वरच्या पायरीवर बसली. मग म्हणाली, "कढ़ी ठंडी हो रही है, बच्चियों को खिलाओ." घराविषयी ती त्या दिवशी काही बोलली नाही आणि नंतरही कधी नाही.

जेवताना कढीत मीठ जास्त आहे हे मला कळलं. मी तसं म्हटलं. मोठीनं माझ्याकडे बघितलं आणि आणखी भात वाढला.

जेवण झाल्यावर धाकटीनं ते चित्रांचं पुस्तक आणलं. मला वाटलं होतं, ते मी फेकून दिलंय. ती माझ्या मांडीला टेकून बसली, तिनं साडीतल्या बाईवर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "बाबा, हे कोन हाय?"

चुकायचं नव्हतं.

"बाई," मी म्हणालो.

"बरोबर," ती म्हणाली आणि पान उलटलं.