अंबाडी उपटणार नाही

आधीच सांगते, ती अंबाडी होती. भाजी. आमच्या मराठवाड्यात तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालून शिजवतात, घोटतात आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी ओततात, ती. गेल्या वर्षी हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. ज्यांना पटायचं नव्हतं त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

तिचं पान गांजासारखं दिसतं, हे मात्र खरं आहे. खालची पानं साधी, गोलसर येतात. रोप गुडघ्याएवढं झालं की वरची पानं फाटायला लागतात. पाच बोटं, कधी सात, लांबट आणि कडांना दाते. पोरं टी-शर्टवर छापून घेतात ते पान, अगदी हुबेहूब. गावाकडे शेताच्या बांधावर अंबाडी पुरुषभर वाढते आणि तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. पण मी ती लावली वुडलँड्सला, नवव्या मजल्यावर, भाड्याच्या फ्लॅटसमोरच्या कॉरिडॉरमध्ये. आणि सिंगापूरमध्ये गांजाच्या व्यापारासाठी माणूस फासावर जातो.

लोक म्हणतात, एवढी हौस होती तर लिटल इंडियात जायचं, मिळते की अंबाडी. मिळते. ती लाल देठाची, आंध्रवाल्यांची. चांगली असते, मी खाल्ली आहे. पण मला ती नको होती, मला माझी हवी होती. यात आईची आठवण, गावाची ओढ असलं काही शोधू नका. मला त्या भाजीची आंबट चव आवडते. चाळिशी ओलांडलेल्या बाईला एखादी भाजी खावीशी वाटायला आणखी काय कारण लागतं?

बी मला टॅम्पिनीस भागात राहणाऱ्या एका मैत्रिणीनं दिलं. आमची ओळख मंडळाच्या गणपतीतली. तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीत चार रोपं धरली होती आणि त्यांचं बी हिंगाच्या रिकाम्या डबीत जपून ठेवलं होतं. डबी उघडली की हिंगाचाच वास यायचा. मी बी रात्रभर भिजवलं आणि तीन कुंड्यांत पेरलं. कुंड्या अशा लावल्या की कॉरिडॉरमधून स्ट्रेचरसुद्धा जावं. डासांची तपासणी करणारे येतात म्हणून कुंडीखालच्या ताटल्याही काढून टाकल्या. नियमांत काही कमी ठेवलं नव्हतं.

इथे एक गंमत झाली. अंबाडी दिवस लहान झाले की फुलायला लागते. सिंगापूरला बाराही महिने दिवस आणि रात्र सारखेच, त्यामुळे तिला वाटतं दिवस लहानच आहेत. ती उंच व्हायच्या भानगडीत पडतच नाही. गावाकडे माझ्या डोक्यावरून जाणारं झाड इथे कमरेपर्यंत येतं न येतं तोच कळ्या धरतं. ठेंगणं, भरगच्च, कुंडीत मावणारं. मी खूश होते. गांजा लावणाऱ्यांनाही म्हणे असंच ठेंगणं, झटपट फुलणारं झाड हवं असतं. ते मला नंतर कळलं, ब्लॉकच्या चॅट ग्रुपवर.

शाळेतून आल्यावर माझी बारा वर्षांची मुलगी फोन माझ्यासमोर धरून उभी राहिली. "आई, व्हाय आर अवर प्लांट्स इन द ब्लॉक चॅट?"

फोटो आमच्या कुंड्यांचाच होता. खाली कोणीतरी विचारलं होतं, हे तेच आहे का? त्याखाली दुसऱ्यानं लिहिलं होतं, पोलिसांना कळवा. तिसऱ्यानं फक्त लिहिलं होतं, फॉरेनर्स. फोटोच्या कडेला जमिनीलगतच्या लाल देव्हाऱ्याचा कोपरा आला होता. असा देव्हारा आमच्या मजल्यावर एकाच दाराशी आहे, आणि ते दार आमच्या शेजारच्या आंटीचं. चिनी नववर्षाला ती आम्हाला संत्री द्यायची, दिवाळीला मी तिला शंकरपाळे द्यायचे. दार वाजवून 'काय गं लावलंस' एवढं विचारायला तिला काय झालं होतं, हे मला आजही कळलेलं नाही.

संध्याकाळी घरमालकाचा मेसेज आला. तुम्ही चांगले भाडेकरू आहात, माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण रविवारच्या आत ती झाडं काढा, नाहीतर पुढच्या महिन्यात करार वाढवणं मला अवघड जाईल. सगळं अगदी गोड शब्दांत.

माझा नवरा मरिन इंजिनिअर. महिना-दीड महिना बोटीवर असतो, मग घरी. तेव्हा तो बोटीवर होता. फोन लागला तेव्हा मागे इंजिनाची घरघर चालू होती.

"उपटून टाक," तो म्हणाला. "आत्ताच्या आत्ता."

"भाजी आहे ती."

"मला माहितीये गं भाजी आहे! त्यांना माहितीये का? घर जाईल. पोरीची शाळा खाली आहे. तुला घर हवंय की भाजी?"

"भाजी," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

रागाच्या भरात बोलले खरी. पण घर मला हवंच होतं. त्या घरातून खिडकीत उभं राहिलं की मुलगी शाळेच्या फाटकात शिरताना दिसायची. भाडंही परवडणारं होतं. पण आत काहीतरी अडून बसलं होतं. त्या घरात आल्यापासून मी एकेक गोष्ट आवरती घेत आले होते. शेजारी कुकरच्या शिट्टीचा त्रास होतो म्हणाले, तर डाळ पातेल्यात शिजवायला लागले. ठेच्यानं ठसका लागतो म्हणाले, तर दारं-खिडक्या लावून घामाघूम होत मिरच्या भाजल्या. पापड कॉरिडॉरमध्ये वाळत घातले, तर कोणी काही म्हणायच्या आत मीच उचलले. दर वेळी वाटायचं, एवढ्यानं काय होतंय. आणि आता ज्यात माझी काडीची चूक नव्हती, ते मला माझ्याच हातानं उपटायचं होतं.

टॅम्पिनीसच्या मैत्रिणीला हे सगळं सांगायला फोन केला, तर तिच्यापर्यंत फोटो आधीच पोचला होता. "मी माझी सगळी उपटून कचऱ्याच्या शूटमध्ये टाकली बाई," ती म्हणाली. "बीसुद्धा. आणि हे बघ, माझं नाव कुठे घेऊ नकोस हं."

म्हणजे त्या बियाची आता एवढीच रोपं उरली होती, माझ्या दारातली. माझं तिथेच ठरलं.

दुसऱ्या दिवशी मुलगी शाळेत गेल्यावर मी त्यातल्या त्यात भरलेली कुंडी उचलली, बाजारहाटाच्या चाकांच्या पिशवीत उभी केली आणि निघाले. पानं पिशवीच्या वर डोलत होती. मी ती झाकली नाही. लिफ्टमधला गृहस्थ एकदा पानांकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला आणि पुढच्याच मजल्यावर उतरून गेला. खाली कॉफी पिणाऱ्या म्हाताऱ्यांच्या टेबलाजवळून मुद्दाम सावकाश गेले. आमच्या ब्लॉकपासून पाच मिनिटांवर पोलिसांचं छोटं ऑफिस आहे. तिथल्या काउंटरवर मी कुंडी ठेवली.

समोर पंचविशीचा मलय पोरगा होता. त्यानं कुंडीकडे बघितलं आणि खुर्चीतून उठलाच. "आंटी, व्हॉट इज धिस?"

"तेच तुम्ही मला सांगा," मी म्हटलं. "माझ्या ब्लॉकमधले लोक म्हणतात हा गांजा आहे. मी म्हणते भाजी आहे. तुम्ही ठरवा."

त्यानं आत जाऊन वरिष्ठ बाईंना बोलावलं. त्यांनी हातमोजे घातले, फोटो काढले, कोणालातरी पाठवले. माझा इथे राहायच्या परवान्याचा पास घेतला. कुठे मिळालं, कोणी दिलं, असं विचारलं. मी म्हटलं, एका बाईनं दिलं, तिनं तिची रोपं भीतीनं उपटली आणि तिनं भाजीशिवाय काही केलेलं नाही, तर नाव मी सांगणार नाही. त्या बाई पुन्हा वाकून पानांचे दाते मोजायला लागल्या. मग माझ्याच्यानं राहवलं नाही. मी सरळ शेंड्याचं एक पान तोडलं आणि तोंडात टाकलं.

"मॅम! प्लीज डोंट ईट!" पोरगा ओरडला.

"आंबट आहे," मी चावत म्हटलं. "बघा खाऊन."

त्यांनी खाल्लं नाही. एक फांदी कापून पिशवीत घातली आणि मला बसायला सांगितलं. मी बसले. दुपार व्हायला आली तेव्हा त्या बाई बाहेर आल्या, पास परत दिला आणि म्हणाल्या, ओके, घेऊन जाऊ शकता.

"मग हे माझ्या शेजाऱ्यांना सांगा," मी म्हटलं. "घरमालकाला एक फोन करा. नाहीतर एक कागद द्या."

त्यांना माझी कीव आली असावी. हळू आवाजात म्हणाल्या, "मॅम, केसच नाही. केस नाही तर आम्ही सांगणार काय?"

मला तिथे हसू आलं. गुन्हा केला असता तर कागद मिळाला असता. काही केलं नव्हतं, म्हणून दाखवायला काहीच नव्हतं. कुंडी घेऊन आले तशी परत गेले, पुन्हा त्याच म्हाताऱ्यांसमोरून.

शनिवारी घरमालक स्वतः आला. साठीचा, नीटनेटका, बूट बाहेर काढून आत येणारा माणूस. मी त्याला पोलिसांकडचं सगळं सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं.

"आय बिलीव्ह यू," तो म्हणाला. "आय नो इट्स व्हेजिटेबल. बट पीपल टॉक, ना? यू जस्ट रिमूव्ह, एव्हरीबडी हॅपी."

त्याचा विश्वास नसता तर मी भांडले असते, पटवलं असतं. पण त्याला सगळं माहीत होतं. भाजी आहे हे माहीत असूनही ती काढायची होती, कारण ती दुसऱ्यासारखी दिसत होती. त्यावर माझ्याकडे एकच उत्तर होतं. मी म्हटलं, "नाही काढणार. करार वाढवायचा नसेल तर नका वाढवू."

त्यानं नाही वाढवला.

मुलगी माझ्यावर भयंकर चिडली. तिच्या मैत्रिणी त्या ब्लॉकमधल्या, शाळा खाली. "बिकॉज ऑफ वन स्टुपिड भाजी!" असं म्हणून तिनं दार आपटलं. तिचं चुकत नव्हतं. तिला समजावण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं, म्हणून मी समजावलं नाही. खोकी भरत राहिले. रोज सकाळी मात्र कुंड्यांना पाणी घालताना शेजारच्या आंटीला खणखणीत आवाजात गुड मॉर्निंग घालायचे. ती पुटपुटल्यासारखं उत्तर द्यायची आणि आत जायची. त्याच आठवड्यात पहिलं फूल उमललं. फिकट पिवळं आणि मधोमध गडद किरमिजी ठिपका. गांजाला असलं फूल कधी येत नाही, हे फोनवर बघायला कोणालाही मिनिटभर पुरलं असतं. ग्रुपवर त्याचा फोटो कोणी टाकला नाही. मी टाकला. त्यावर कोणी काही लिहिलं नाही.

घर सोडायच्या दिवशी शेवटची फेरी खाली नेताना मुलीनं एक कुंडी उचलली होती. मी सांगितलं नव्हतं. लिफ्टचं दार बंद होता होता आंटी आत आली. आम्ही तिघी आणि मध्ये ती पानं.

मग मुलगी म्हणाली, अगदी शांतपणे, इथल्या पोरांच्या बोलीत, "आंटी, इट्स जस्ट अ व्हेजिटेबल, लाह. यू नो, राइट?"

आंटी लिफ्टच्या आकड्यांकडे बघत राहिली. मुलगी खाली पोचेपर्यंत तिच्याकडे बघत राहिली. मला त्या क्षणी माझ्या पोरीचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले, आणि राग आला की हे तिला या वयात करावं लागलं.

आता आम्ही जुरोंग ईस्टला राहतो. घर एका खोलीनं लहान आहे. मुलगी शाळेसाठी अंधारात उठते आणि एमआरटीच्या गाडीत पेंगत जाते. त्याबद्दल ती मला अजून टोमणे मारते आणि मी ते ऐकून घेते. कुंड्या दारासमोर, लिफ्टमधून बाहेर पडल्या पडल्या दिसतील अशा ठेवल्या आहेत. इथल्या समोरच्या बाईनं पहिल्याच आठवड्यात दार वाजवून विचारलं, हे काय आहे? मी सांगितलं. ती 'ओह' म्हणाली आणि गेली. एवढंच लागतं.

टॅम्पिनीसच्या मैत्रिणीनं परवा हळूच बी मागितलं. देईन म्हटलं, पण दारात लावणार असशील तर. खिडकीत लपवायला माझ्याकडे बी नाही.

घर बदललं तेव्हा नवरा बोटीवरून आला तो थेट या नव्या घरात. खोल्या बघितल्या, भिंती बघितल्या. मी भाकरी थापली आणि खालची पानं खुडून केलेली भाजी वाढली, वरून लसणाची फोडणी. तो खाली मान घालून जेवला. ताट पुसून घेतलं.

"अजून आहे का?" त्यानं विचारलं.

"नाही."

त्यानं उघड्या दारातून बाहेर बघितलं. तिन्ही कुंड्या भरलेल्या होत्या. "अगं, बाहेर एवढी उभी आहे की. आण ना थोडी उपटून."

"ती बियाला ठेवलीये," मी म्हटलं. "ती उपटायची नाही."