गार पिल्लाला दूध नाही

दादा गेल्याचा निरोप शाळेत आला तेव्हा मी चौथीच्या वह्या तपासत होते. अंबरनाथच्या एका तबेल्यात म्हैस तपासता तपासता तो खाली बसला, त्याने पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. माझी शाळा तिथून रिक्षाने दहा मिनिटांवर. इतक्या जवळ असून त्याने मला पोचू दिलं नाही, याचा मला आधी रागच आला. आता दीड महिना होत आला, राग तसाच आहे... आणि मधल्या काळात त्याला आणखी एक कारण मिळालंय, म्हणून हे लिहायला बसले.

दादा माझा थोरला भाऊ, गुरांचा डॉक्टर. बदलापूरला हेंद्रेपाड्यात आम्ही दोघंच राहत होतो. त्याने लग्न केलं नाही आणि माझं टिकलं नाही. पुढच्या खोलीत दवाखाना आणि मागे घर, असं आपलं म्हणायचं. खरं तर सगळा दवाखानाच होता. थंडीच्या दिवसांत नदीकाठच्या गोठ्यांतून गारठलेली करडं, वासरं यायची आणि घरातली प्रत्येक उबदार वस्तू त्यांच्या अंगावर जायची. माझी शाल, माझी गरम पाण्याची पिशवी, एकदा तर घडीही न मोडलेला स्वेटर. पिल्लांना ऊब द्यायला उल्हासनगरच्या एका सिंधी दुकानदाराकडून तो डझनावारी बल्ब आणायचा. "डॉक्टरसाब, मुर्गी का धंदा चालू किया क्या?" असं त्या दुकानदाराने एकदा विचारलं, तर दादा त्यालाही शरीराचं तापमान समजावत बसला आणि मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ताटकळत उभी.

समजावणं हा त्याचा रोगच होता. भाकरी मोडता मोडता सांगायचा, अंग गार पडलं की जनावराचं सगळंच मंदावतं. हृदय हळू चालतं, श्वास कमी होतो, पण शरीराची गरजही कमी होते, म्हणून मेल्यासारखं दिसणारं पिल्लू बराच वेळ तग धरून असतं. त्याचे पाय चोळायचे नाहीत, पायांतलं गार रक्त एकदम हृदयाकडे जातं. शेकायचं ते छातीपोटाला. उपाशी करडाला आधी साखरेचं इंजेक्शन आणि मग ऊब, नाहीतर ऊब मिळाल्याबरोबर अंगातली उरलीसुरली साखर संपून झटके येतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गार पिल्लाला दूध नाही. "आतडं थांबलेलं असतं गं. शटर बंद आणि तू बाहेरून माल ढकलतेस. धड गिळताही येत नाही त्याला, दूध सरळ फुप्फुसात." थर्मामीटर शंभरावर गेल्याशिवाय दूध नाही, हे ऐकून माझे कान किटले होते.

तरी मीच ते केलं. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीचा जानेवारी असेल. सकाळी जवळच्या गावातली एक नवी सून पदरात करडू गुंडाळून आली. मी मागे पाणी तापवत होते तोवर दादाने त्याला इंजेक्शन देऊन बल्बच्या खोक्यात ठेवलं, मला नेहमीची सूचना दिली आणि एका आजारी बैलाकडे गेला. अर्ध्या तासाने करडाने तोंड उघडलं, जीभ हलवली. मला राहवलं नाही. थर्मामीटर न लावताच चार-पाच चमचे दूध घातलं. सून नुसती बघत होती. थोड्या वेळाने त्याच्या नाकातून दूध आलं... आणि करडू गेलं. तेवढ्यात तिची सासू येऊन ठेपली आणि सुनेवर घसरली, पांढऱ्या पायाची म्हणून. दादा परतला तेव्हा ओसरीवर ही गर्दी. त्याने करडाचं नाक पाहिलं, पोट दाबून पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "माझं इंजेक्शन चुकलं. सुनेचा काही दोष नाही."

त्या गावाने पुढची दोन वर्षं त्याच्याकडे जनावर आणलं नाही. मी संध्याकाळी कबूल केलं, तर "पुन्हा करू नकोस" एवढंच बोलून तो पेपर वाचायला लागला. माझा गुन्हा त्याने अंगावर घेतला होता. तेव्हापासून मी बदललेच. पहाटे न सांगता पाणी तापवायचे, शाल मागायच्या आधी काढून द्यायचे, भांडण रंगात आलेलं असताना मध्येच गप्प बसायचे. लहानपणी ज्याचं एक वाक्य खाली पडू दिलं नाही, त्याच्यापुढे आठ वर्षं मान खाली.

गेल्या आठवड्यात त्याचं कपाट आवरत होते, तेव्हा ती सून भेटायला आली. आता दोन मुलांची आई आहे, सासू मागच्या वर्षी गेली. थोडं रडून झाल्यावर तिने जे सांगितलं, ते तिच्या परवानगीने आणि नाव न घालता लिहिते. "ताई, त्या करडाला मी घरूनच बाटलीनं दूध पाजून आनलं व्हतं. घशात घरघर लागली तवा घाबरले. डॉक्टरांना आल्या आल्या सांगितलं. ते म्हनले, हे आता वाचायचं नाय, तरी बघतो. पन तू कुनाला बोलू नको, सासू तुला घरात ठेवायची नाय."

हातातली औषधाची बाटली मी खाली ठेवली. म्हणजे मी चमचा उचलला त्याच्या आधीच ते करडू संपत आलं होतं आणि हे दादाला ठाऊक होतं. मग मला का नाही सांगितलं त्याने, मी तिलाच विचारलं.

"मी म्हनलं व्हतं त्यांना मागं एकदा," ती म्हणाली, "की ताईंनी मनाला लावून घेतलंय, त्यांना तरी सांगा. तर हसले. म्हनले, राहू दे, तेव्हापासून ती माझं ऐकते."

तिच्यासमोरच मी हसले, मग रडले आणि ती गेल्यावर पुन्हा चिडले. आठ वर्षांचं भांडण तोंडावर अगदी तयार आहे दादा, एकेक वाक्य जुळवून ठेवलंय... आणि नेमका तूच घरात नाहीस.