मतलई वारा

काल सकाळी मालवणच्या किनाऱ्यावर विंडसर्फिंग शिकवणाऱ्या माधवीताईंनी मोबाइलवर वाऱ्याचा अंदाज पाहिला आणि शिडं गुंडाळायला घेतली.

"समुद्र तर किती शांत आहे!" मी म्हणालो.

"वारा मतलई आहे, जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. माझा भाऊ अशाच सकाळी गेला. फळी अलगद आत गेली, परतायला मात्र त्याची ताकद पुरली नाही."

वादळाला आपण सगळेच भितो. पण पाठीवर हात ठेवावा तसा येणारा वारा आपल्याला कुठे नेतो आहे, हे कुणाच्या मनातही येत नाही.

शिकायला आलेली मंडळी हिरमुसली होती. त्यांच्याकडे वळून ताई म्हणाल्या, "चला, आज सगळे माझ्या घरी चहाला."