डिंपल सिस्टर झाली तेव्हा

आंबागडच्या पायथ्याच्या तलावावर मनिराम जाळं टाकायचा आणि सखाबाई मासोळ्यांची टोपली घेऊन तुमसरच्या बाजारात बसायची. डिंपल हे त्यांचं मधलं लेकरू. घरच्यांनी तिला मुलगा म्हणून वाढवलं, पण आपण मुलगी आहोत हे तिला शाळेतच पक्कं ठाऊक होतं. घरच्यांना ते पचायला फार वर्षं लागली. तोवर ती नागपुरात तृतीयपंथी गुरूच्या डेऱ्यात राहिली. बाप खाटेला खिळला तशी साडी नेसूनच परत आली. सखाबाईनं काही दिवस तोंड फिरवलं आणि मग एका सकाळी टोपली मुकाट तिच्या डोक्यावर दिली. आता बाजारात डिंपलच बसते. भाव पाडायला आलेलं गिऱ्हाईक तिच्या गप्पांत असं अडकतं की पिशवी भरूनच उठतं.

एचआयव्ही असल्याचं तिला नागपुरातच कळलं होतं. गोळी तिनं कधी चुकवली नाही, पण ती आणायला अजूनही नागपूरच गाठायची. औषध जवळही मिळत होतं, पण तिकडे ती फिरकत नसे. एकदा तापानं फणफणलेली असताना ती जवळच्या एका दवाखान्यात गेली होती. बायकांच्या रांगेतून तिला उठवलं, पुरुषांच्या रांगेत टिंगल झाली, आणि वरून तिचं जुनं नाव सगळ्यांसमोर पुकारलं गेलं. ताप अंगात घेऊनच ती घरी आली होती.

एका संस्थेत काम करणारा नीलेश बाजारात येऊन तिला म्हणाला, की तुमसरला नर्सबाईंचं प्रशिक्षण आहे, तृतीयपंथी लोकांशी कसं वागायचं, एचआयव्हीचे उपचार कसे द्यायचे, याचं. तिथं तू बोल.

"मी बोलून काय होते? त्यायले मासोळ्या विकू काय?" डिंपल म्हणाली.

सखाबाईनंच तिला पिटाळलं. बाजारात एवढी बोलते, तिथं काय जीभ झडते, म्हणे.

शिकवायला डॉक्टर मंजुषा होत्या. त्या सांगायच्या चांगलं, पण जेवणानंतर सगळा हॉल पेंगायला लागला. तेव्हा त्यांनी खेळ काढला. डिंपलनं सिस्टर व्हायचं आणि खऱ्या सिस्टरनं पेशंट. रत्नमाला सिस्टर हसत पुढे आल्या, जाडजूड, निवृत्तीला टेकलेल्या. डिंपलनं कुणाचा तरी ॲप्रन चढवला.

"नाव?"

"रत्नमाला."

"हे तं बाईचं नाव हाये. खरं सांग."

हॉल हसला. डिंपलनं बाजारातला आवाज लावला आणि सगळ्यांना विचारलं, याला कोणत्या रांगेत उभं करू? पुन्हा हशा. रत्नमालाबाईंचं हसू मात्र ओसरत गेलं. खेळ आहे हे माहीत असूनही त्यांनी पदर खांद्यावर ओढून घेतला.

"मले घरी जाऊ द्या," त्या म्हणाल्या.

"अन् ताप?"

"राहू द्या ताप."

हसायचं कुणाला सुचेना. मग डिंपलच हसली, ॲप्रन काढला आणि बाईंना पाणी दिलं. त्यानंतर प्रश्नांना तोटा राहिला नाही. नावानं काय हाक मारावी, भरती कोणत्या वॉर्डात करावी, तपासताना काय आधी विचारावं. काही प्रश्न वेडगळ होते, पण डिंपलनं तेही खपवून घेतले.

सगळ्यांचं झाल्यावर रत्नमालाबाई तिच्याजवळ येऊन बसल्या. एचआयव्हीच्या गोळ्यांचं समजलं, पण आणखी काय काय घेतेस, असं त्यांनी हळू विचारलं. डिंपल गडबडली. शरीर बाईसारखं दिसावं म्हणून ती खुशीच्या, म्हणजे डेऱ्यातल्या मैत्रिणीच्या, सांगण्यावरून हार्मोनच्या गोळ्या परस्पर घेत होती. आजवर हे कुणी विचारलंच नव्हतं. अलीकडे एक पाय सुजून दुखत होता, पण ती म्हणायची, बसून बसून होत असेल. बाईंनी पाय पाहिला आणि डॉक्टरांना हाक मारली. आत्ताच्या आत्ता भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात जावं लागेल, असं ठरलं. डिंपलचं तोंड उतरलं.

"मी हाये ना तुह्यासंग, चल," रत्नमालाबाई म्हणाल्या.

पायाच्या शिरेत रक्ताची गाठ धरली होती. अशा गोळ्यांनी ती धरू शकते, आणि फुप्फुसात सरकली तर जिवावर बेतते, हे तिला तिथं कळलं. खाट बायकांच्या वॉर्डात मिळाली. शेजारच्या खाटेवर बपेऱ्याची एक म्हातारी होती. पहिल्या दिवशी तिनं पाठ फिरवली, पुढे डबा आला की डिंपलला आधी वाढायला लागली. गाठ विरघळली. हार्मोनचं औषध बंद झालं आणि बऱ्याच काळानं, तपासण्या करून, वेगळं सुरू झालं, तेही डॉक्टरांच्या नजरेखाली.

आता डिंपल एचआयव्हीच्या गोळ्या जवळच्याच दवाखान्यातून आणते आणि प्रशिक्षणांनाही बोलायला जाते. खुशी अजूनही हार्मोनच्या गोळ्या परस्परच घेत होती, म्हणून परवा तिनं तिला नागपूरहून जवळपास ओढतच आणलं आणि रत्नमालाबाईंसमोर बसवलं. खुशी आधी तोंडच उघडेना. मग तिनं डिंपलला बाहेर जायला सांगितलं आणि दार लोटून घेतलं. आतलं बोलणं काही संपेना. आपल्याला सोडून एवढं काय बोलून राहिल्या या दोघी, म्हणून डिंपल थोडी रुसली, आणि चहा प्यायला निघून गेली.