चौथं शील

कापलेल्या धानाचा वास आला की चौथीच्या वर्गातली ती सकाळ आठवते. कापणीत निम्मा वर्ग विळे घेऊन धानाच्या बांध्यांमध्ये, शेतात, असायचा. पटावरून नावं कटू नयेत म्हणून गुरुजी हजेरीत आम्हाला हजर दाखवायचे. हेच गुरुजी पौर्णिमेला कुडाच्या विहारात पंचशील सांगायचे आणि सगळे त्यांच्यामागून म्हणायचे. त्या सकाळी तपासणीचे साहेब आले, हजेरी चाळली आणि मला उभं केलं. "काल शाळेत आली होती का?" बोटावर विळ्याची ताजी चीर होती, ती मी मुठीत दाबली. गुरुजींनी मान वर केली नाही. अखेर मीच म्हणाले, "नाही जी, धान कापाले गेली होती." साहेबांनी लाल शाईनं काहीतरी लिहिलं. पौर्णिमेला मी आईच्या पाठीमागे लपून बसले. तीन शीलं झाली. खोटं न बोलण्याचं चौथं आलं आणि गुरुजी थांबले. मग मला शोधून ते म्हणाले, "हे तू सांग माय, आमी मांगून म्हणतो." मी सांगितलं, आणि मागून सगळ्यांत आधी त्यांचाच आवाज आला. पुढे मीही मास्तरीण झाले. कापणीच्या दिवसांत हजेरी घेताना शेतात गेलेल्या पोरांच्या नावांपाशी पेन कितीदा तसंच हातात राहिलं.