मिउराची सहल कुणाची?

नकाशा जमिनीवर पसरायचा, त्यावर तर्जनीचं पेर टेकवत जायचं आणि मान वर न करता म्हणायचं, "एवढंच तर आहे. चालत जाऊ की." ही तिची सवय. अशी बाई तुमच्याही शेजारी राहिली असेल. नसेल, तर तुम्ही सुखी.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी जपानातल्या निशी-कसाईत मराठी घरं मोजकीच होती आणि ती साताऱ्याहून येईपर्यंत त्या घरांना सगळं मीच सांगायचे. कोणत्या वारी कोणता कचरा, कोथिंबीर कुठे मिळते, सगळं. मग ही आली. जपानी धड येत नव्हतं, तरी स्टेशनवरच्या म्हाताऱ्यांना हसून रस्ते विचारायची. रविवार आला की बायका तिच्यामागे. कोपऱ्यापर्यंतही चालायचा कंटाळा करणारा माझा नवरा एकदा तिच्यासोबत नदीकाठानं दिवसभर भटकून आला आणि वर म्हणाला, "काय मजा आली गं." माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

म्हणून मिउराच्या समुद्रकिनाऱ्याची सहल मी ठरवली. गाड्या, पायवाट, बसायची जागा, सगळं माझं. पुऱ्या पहाटे उठून मीच तळल्या. किनाऱ्यावर डबे उघडले, तर एक जण हळूच म्हणाली, "अहो, आज संकष्टी ना?" निम्म्या बायकांना उपास. ठरवण्याच्या नादात मी तिथी बघितलीच नव्हती.

मला रडू यायचंच बाकी होतं. नकाशावाली म्हणाली, "मग काय झालं? चंद्र बघून खाऊ. पूर्व समोरच आहे." संध्याकाळपर्यंत तिनं सगळ्यांना खडकांवरून फिरवलं.

आमच्या घरांतून चंद्र दिसायचा नाही, समोर इमारती. म्हणून उपास सोडायचा तो मुंबईच्या पंचांगातल्या वेळेवर. अंधार पडल्यावर मी घड्याळ बघून म्हटलं, "अजून तासभर आहे."

"कसला तास? तो बघा, आला की."

पाण्यावर चांगला पिवळाधमक चंद्र. म्हणजे इतके महिने आम्ही जपानात मुंबईच्या चंद्रासाठी ताटकळत होतो. बायका हसून हसून बेजार झाल्या. पुऱ्या संपल्या, आणि परतीच्या गाडीत जो तो तिला म्हणाला, "तुमच्यामुळे चंद्र दिसला." पुऱ्यांचं कुणी नाव काढलं नाही.

तिच्या नवऱ्याचं काँट्रॅक्ट संपलं तेव्हा सगळे स्टेशनवर गेलो. माझ्या नवऱ्यानं तिची बॅग उचलली होती. तिनं माझा हात धरला. "आता यांना तुम्हीच फिरवा. मिउरासारखी सहल मला नसती जमली." तेवढा मोठेपणाही तिनंच घ्यायचा.

पुढच्या रविवारी हवा छान होती. कुणाचा फोन आला नाही, मीही कुणाला केला नाही. दुपारी नवरा खिडकीशी उभा राहून म्हणाला, "आज कुठे नेलं असतं गं त्यांनी?"

मी सकाळपासून तोच विचार करत होते. त्याला म्हटलं, "मला काय माहीत?"